टर्बोभारित एंजिनातील झडपयंत्रणा व तिची सुधारणा

अंतर्ज्वलन-एंजिनाच्या सिलिंडरात हवा व इंधन यांचे मिश्रण योग्य क्षणी आत घेणाऱ्या आणि जळालेले वायू योग्य क्षणी बाहेर सोडणाऱ्या झडपा, तसेच त्यांना उघडमीट करविणारे सर्व भाग यांना मिळून झडपयंत्रणा म्हणतात. निष्कास वायूंवर फिरणाऱ्या टरबाइनाच्या साहाय्याने संपीडक चालवून सिलिंडरात वातावरणीय दाबापेक्षा अधिक दाबाने हवा भरणाऱ्या एंजिनास टर्बोभारित एंजिन म्हणतात. अशा एंजिनाची शक्ती मूळ अभिकल्पापेक्षा वाढवावयाची असल्यास झडपयंत्रणेतील स्प्रिंगा, झडपा, रॉकर भुजा, टॅपेटे इ. भाग बदलावे लागतात. हे बदल कोणत्या कारणासाठी, कोणत्या क्रमाने व कोणत्या मर्यादेपर्यंत करावयाचे याचे विवेचन प्रस्तुत नोंदीत केले आहे.

शक्ती वाढविण्यासाठी एंजिनाचा वेग वाढवावयाचा नसून फक्त हवेचा दाब वाढवावयाचा आहे, तेव्हा झडपयंत्रणेस हात लावण्याचे कारण नाही, असा समज पुष्कळदा आढळतो. तो बरोबर नाही. दाब व उष्णता यांचा परिणाम झडपांवर वेगापासून स्वतंत्रपणे होतो. शिवाय अधिक शक्तीसाठी मोठा टर्बोभारक बसविला की, त्याचा पूर्ण दाब एंजिनाच्या वरच्या वेगांतच मिळतो व त्यामुळे एंजिन पूर्वीपेक्षा अधिक वेगाने चालविले जाते.

घटक व कार्य : चार धावांच्या एंजिनात कॅमदंड भुजादंडाच्या निम्म्या वेगाने फिरतो. कॅमदंडावरील कॅम हा टॅपेट किंवा रॉकर भुजा यांच्या मार्फत झडप खाली दाबून उघडतो. झडप मिटविण्याचे काम मात्र कॅम करीत नाही. ते स्प्रिंगेचे असते. स्प्रिंगेचे वरचे टोक रिटेनर नावाच्या चकतीवर टेकलेले असते व ही चकती दोन अर्धवर्तुळाकार कॉटरांनी झडपेच्या दांड्याला पक्की धरलेली असते. झडपेचा दांडा मार्गदर्शक नळीतून सरकतो आणि झडपेचे शीर्ष बैठकीवर टेकून वायुरोधी बंद होते. उष्णतेमुळे भागांचे प्रसरण होते, म्हणून यंत्रणेत थोडा अवकाश ठेवावा लागतो. तो पातळ चकत्यांनी ठरवितात किंवा तेलाच्या दाबावर चालणाऱ्या समायोजकाने आपोआप भरून काढतात. या समायोजकास व्यवहारात हायड्रॉलिक लिफ्टर म्हणतात.

ऐतिहासिक आढावा : निष्कास वायूंतील वाया जाणाऱ्या ऊर्जेवर संपीडक चालविण्याच्या कल्पनेचे एकस्व स्विस अभियंते आल्फ्रेट ब्यूखी (१८७९–१९५९) यांनी १९०५ मध्ये घेतले. या कल्पनेचा उपयोग आधी मोठी डीझेल एंजिने व विमानांची एंजिने यांत झाला. खाजगी मोटारगाड्यांत टर्बोभारक प्रथम १९६२ मध्ये अमेरिकेतील ओल्ड्समोबाइल जेटफायर व शेव्हरोले कॉर्व्हेअर या गाड्यांत आला. पुढे १९७० नंतरच्या दशकात बीएमडब्ल्यू, पोर्शे व साब या यूरोपीय कंपन्यांनी व १९८० नंतर जपानी कंपन्यांनी त्याचा प्रसार केला. या जपानी एंजिनांपैकी काहींच्या बाबतीत मूळ शक्तीच्या दुप्पट वा त्याहून अधिक शक्ती मिळविण्याचे प्रयत्न जगभर झाले आणि झडपयंत्रणेच्या सुधारणेचे व्यावहारिक ज्ञान प्रामुख्याने त्यांतून जमा झाले.

झडपयंत्रणेवरील ताण : टर्बोभारित एंजिनात झडपयंत्रणेवर तीन प्रकारचे ताण येतात.

(१) निरूढीचा ताण : झडप पूर्ण उघडण्याच्या सुमारास तिची खाली जाण्याची गती थांबवून तिला परत फिरवावे लागते. ही प्रेरणा स्प्रिंगेलाच पुरवावी लागते. झडप, रिटेनर, कॉटर आणि स्प्रिंगेच्या वस्तुमानाचा सु. एक-तृतीयांश भाग मिळून परिणामी वस्तुमान ९० ग्रॅ. आहे व कॅमशिखरावरील प्रवेग ६,००० मी./से.² आहे असे धरल्यास लागणारी प्रेरणा ५४० न्यूटन, म्हणजे सु. ५५ किग्रॅ. भार, इतकी येते. हा प्रवेग वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून एंजिनाचा वेग १० टक्के वाढविला, तर ही प्रेरणा २१ टक्के वाढून सु. ६७ किग्रॅ. भार होते, वेग २० टक्के वाढविला, तर ती ४४ टक्के वाढते.

(२) दाबाचा ताण : अतिभरणाचा दाब आदान झडपेच्या पाठीवर पडतो व तिला उघडण्याच्या दिशेने ढकलतो. शीर्षाचा व्यास ३४ मिमी. असल्यास १ बार दाबाने सु. ९० न्यूटन (सु. ९ किग्रॅ. भार) व २ बार दाबाने सु. १८ किग्रॅ. भार इतकी प्रेरणा निर्माण होते. चार झडपांच्या पुष्कळ एंजिनांत झडप बंद असताना स्प्रिंगेचा भार २० ते ३० किग्रॅ. एवढाच असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांचे महत्त्व कळते. तथापि हा हिशेब सरसकट लावणे योग्य नाही. आदान झडप बैठकीवर येते त्या क्षणी सिलिंडरातील दाबही आदान मार्गातील दाबाच्या जवळपास पोहोचलेला असतो व दोन्ही बाजूंच्या दाबांतील फरक थोडा असतो. झडपेवर प्रत्यक्ष परिणाम होतो तो या फरकाचा.

निष्कास झडपेची स्थिती अधिक बिकट असते. टरबाइनामुळे निष्कास मार्गात वायू तुंबतात व तेथील दाब अतिभरणाच्या दाबाहूनही पुष्कळदा अधिक असतो. चोषण धावेत निष्कास झडप बंद असते, त्याच वेळी शेजारच्या सिलिंडरातून सुटलेल्या वायूंचे दाब-स्पंद तिच्या पाठीवर आदळतात. शीर्षाचा व्यास ३० मिमी. व दोन्ही बाजूंच्या दाबांतील फरक १ बार असल्यास स्प्रिंगेविरुद्ध सु. ७ किग्रॅ. भार येतो. स्पंदांच्या शिखरावर तो याहून अधिक असतो. शक्ती धावेच्या अखेरीस हीच झडप सिलिंडरातील दाबाविरुद्ध उघडावी लागते. त्या वेळी दाबांतील फरक ४ बार असेल, तर सु. २९ किग्रॅ. भार लागतो. हा भार स्प्रिंगेवर न येता कॅम व रॉकर भुजा यांवर येतो. म्हणजे सिलिंडरातील दाब वाढविला की, स्प्रिंगेला स्पर्श न करताही रॉकर भुजेवरील ताण वाढलेला असतो.

(३) उष्णतेचा ताण : टर्बोभारित पेट्रोल एंजिनातील निष्कास वायूंचे तापमान पूर्ण भाराखाली ९००° ते १,०००° से. पर्यंत जाते व निष्कास झडपेचे शीर्ष ७००° ते ८००° से. पर्यंत तापते. या उष्णतेचा सु. तीन-चतुर्थांश भाग झडप बैठकीला टेकलेली असतानाच बैठकीवाटे निघून जातो व उरलेल्यापैकी बराचसा मार्गदर्शक नळीवाटे जातो. झडप बैठकीवर नीट बसत नसेल किंवा कमी काळ बसत असेल, तर उष्णता निघून जाण्याचा मुख्य मार्गच बंद होतो व शीर्षाची कडा जळू लागते.

तरंगणे व उसळणे : स्प्रिंगेची प्रेरणा अपुरी पडली की, झडप कॅमाच्या पृष्ठाला धरून न राहता त्यापासून सुटते. यास झडप तरंगणे म्हणतात. सुटलेली झडप पुढे वेगाने बैठकीवर आदळते व पुन्हा वर उसळते. त्यामुळे संपीडन अपुरे होते, शक्ती एकाएकी घटते व एंजिन अडखळते. अडखळणे प्रज्वलनातील दोषासारखेच वाटते आणि ठिणगी-प्लग वा प्रज्वलन-कुंडल बदलण्यात वेळ जातो. दोष केवळ वरच्या वेगात व अतिभरणाचा दाब पूर्ण असतानाच दिसत असेल आणि दाब कमी केल्यावर नाहीसा होत असेल, तर झडपेच्या स्प्रिंगा तपासणे इष्ट असते.

समायोजक हायड्रॉलिक असल्यास आणखी एक अडचण उद्भवते. झडप तरंगताना निर्माण झालेला अवकाश समायोजक तेलाने भरून काढतो. मग झडप बैठकीवर पूर्णपणे येऊच शकत नाही. अखेरची अवस्था म्हणजे झडप व दट्ट्या (पिस्टन) यांची टक्कर होय. तीत झडपेचा दांडा वाकतो किंवा शीर्ष तुटून सिलिंडरात पडते. टर्बोभारित एंजिनात हानी एवढ्यावर थांबत नाही. तुटलेले तुकडे निष्कास मार्गाने जाऊन मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणाऱ्या टरबाइनाच्या चाकावर आदळतात. अशा रीतीने एका स्प्रिंगेच्या दुर्बलतेपायी दट्ट्या, सिलिंडर-शीर्ष व टर्बोभारक हे तिन्ही निकामी होतात.

सुधारणेचे घटक : स्प्रिंगा : बहुतेक वेळा सुधारणेची सुरुवात येथून होते. क्रोम-सिलिकॉन पोलादाच्या शुद्ध तारेपासून केलेल्या व पृष्ठावर छर्ऱ्यांचा मारा देऊन शिणवट्याविरुद्ध मजबूत केलेल्या स्प्रिंगा वापरतात. प्रत्येक स्प्रिंगेला स्वतःची नैसर्गिक कंप्रता असते. कॅमाच्या गतीतील एखादा घटक तिच्याशी जुळला, तर अनुस्पंदन होऊन वेटोळ्यांत तरंग उठतात व स्प्रिंगेचा भार ऐन वेळी घटतो. हे टाळण्यासाठी एकात एक अशा दोन स्प्रिंगा बसवितात. आतील स्प्रिंग बाहेरील स्प्रिंगेस किंचित घासून तिची कंपने शमविते. दुसरा उपाय म्हणजे वर निमुळती होत जाणारी, मधमाश्यांच्या पोळ्याच्या आकाराची स्प्रिंग. तिच्या वेटोळ्यांच्या नैसर्गिक कंप्रता वेगवेगळ्या असतात व वरचा रिटेनरही लहान चालतो.

अधिक ताठ स्प्रिंग नेहमीच अधिक चांगली असते असे मात्र नाही. भार गरजेपेक्षा वाढविल्यास कॅमाचे शिखर व टॅपेट लवकर झिजतात, बैठक खचते, घर्षणात शक्ती खर्च होते, कॅमदंड चालविणाऱ्या साखळीवर वा पट्ट्यावर ताण येतो आणि हायड्रॉलिक समायोजक दबून बसतो.

रिटेनर व कॉटर : येथे उद्देश वस्तुमान घटविण्याचा असतो. टिटॅनियमाची घनता ४·५ ग्रॅ./सेंमी.³, तर पोलादाची सु. ७·८ ग्रॅ./सेंमी.³ असते. वरील उदाहरणातील परिणामी वस्तुमान ९० ग्रॅ. वरून ८१ ग्रॅ. केले, तर त्याच स्प्रिंगेवर सु. ५ टक्के अधिक वेग सुरक्षितपणे मिळू शकतो. टिटॅनियमाचे रिटेनर स्प्रिंगेच्या घर्षणाने झिजतात, म्हणून त्यांची वेळोवेळी तपासणी करावी लागते. रोजच्या वापरातील गाडीस पातळ घडणीचे, कठीण पोलादाचे रिटेनर अधिक टिकाऊ ठरतात.

झडपा : सर्वसाधारण निष्कास झडपा सु. २१ टक्के क्रोमियम, सु. ४ टक्के निकेल व ९ टक्के मँगॅनीज असलेल्या उष्णतारोधी पोलादाच्या असतात. अतिभरणाचा दाब बराच वाढवावयाचा असल्यास इंकोनेल, निमोनिक यांसारख्या निकेलप्रधान मिश्रधातूंच्या झडपा वापरतात. या मिश्रधातूंचे बल उच्च तापमानातही फारसे घटत नाही. झडपेची कडा कोबाल्ट व क्रोमियम यांच्या स्टेलाइट या कठीण मिश्रधातूने मढविण्याचीही पद्धत आहे. उष्णता वाहून नेण्याचा वेगळा मार्ग सोडियम भरलेल्या पोकळ झडपेत आढळतो. ही झडप एस. डी. हेरन यांनी १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेत विमानाच्या एंजिनांसाठी विकसित केली. सोडियम सु. ९८° से. ला वितळते व झडपेच्या हालचालीबरोबर वरखाली उसळत शीर्षाची उष्णता दांड्याकडे नेते. निसानच्या आरबी २६ डीईटीटी या एंजिनात कंपनीनेच अशा झडपा बसविल्या होत्या. त्या एकसंध झडपांच्या तुलनेत थंड राहतात. परंतु पोकळ असल्याने आघात कमी सोसतात. सोडियमाची पाण्याबरोबर तीव्र विक्रिया होत असल्यामुळे अशा झडपा कापणे धोक्याचे असते. टिटॅनियमाच्या झडपा हलक्या असल्या, तरी टर्बोभारित एंजिनात त्यांचा वापर सामान्यतः आदान बाजूपुरताच मर्यादित ठेवतात.

बैठका, मार्गदर्शक नळ्या व सील : निष्कास बैठकीचा संपर्कपट्टा अधिक रुंद (सु. १·५ ते २ मिमी.) ठेवल्यास उष्णता चांगली निघून जाते, पट्टा अरुंद असल्यास वायुरोध उत्तम होतो, परंतु झडप अधिक तापते. काशाच्या नळ्या ओतीव लोखंडाच्या नळ्यांहून उष्णतेच्या चांगल्या वाहक असतात. दांडा तापून फुगतो, म्हणून निष्कास बाजूस नळी व दांडा यांमधील अवकाश आदान बाजूपेक्षा अधिक ठेवतात. दांड्यावरील तेलरोधक सील फ्ल्युओरीनयुक्त रबराचे असणे इष्ट असते.

कॅमदंड : आदान व निष्कास या दोन्ही झडपा एकाच वेळी उघड्या असण्याचा काल टर्बोभारित एंजिनात बेताचा ठेवतात. निष्कास मार्गातील दाब अधिक असल्यास या काळात जळालेले वायू उलट सिलिंडरात व तेथून आदान मार्गात शिरतात. टरबाइन मोठे असून निष्कास दाब अतिभरणाच्या दाबाहून कमी असेल, तरच हा काल वाढविण्याचा फायदा होतो; अशा वेळी ताजी हवा उरलेले वायू झाडून काढते. म्हणून कॅमदंडाची निवड टर्बोभारकाची निवड झाल्यानंतर व स्प्रिंगांची निवड कॅमदंडाच्या निवडीनंतर करावी लागते.

दोन उदाहरणे : निसानचे एसआर २० डीईटी (१९८९–२००२) व टोयोटाचे २ जेझेड-जीटीई (१९९१–२००२) या दोन्ही एंजिनांत सिलिंडराचा व्यास व दट्ट्याची धाव प्रत्येकी ८६ मिमी. आहे. पहिल्यात चार सिलिंडर (१,९९८ घ. सेंमी.) व दुसऱ्यात सहा सिलिंडर (२,९९७ घ. सेंमी.) असतात. सिलिंडराचा आकार सारखा असूनही त्यांच्या झडपयंत्रणांच्या मर्यादा अगदी भिन्न आहेत.

निसानच्या एंजिनात इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराची एकच रॉकर भुजा दोन झडपा उघडते व तिचे दुसरे टोक हायड्रॉलिक समायोजकावर नुसते टेकलेले असते. झडप तरंगून यंत्रणेत अवकाश उत्पन्न झाला की, ही भुजा आपल्या जागेवरून निसटून पडू शकते. भुजा जागेवर धरून ठेवणारे अडसर या एंजिनासाठी मिळतात. परंतु ते भुजेला पडू देत नाहीत इतकेच, झडप तरंगणे त्यांनी थांबत नाही. मूळ कारण दूर करण्यासाठी योग्य भाराच्या स्प्रिंगा व वेगमर्यादा हेच उपाय आहेत. एकाच भुजेखालील दोन्ही झडपांच्या दांड्यांची उंची जुळविणेही आवश्यक असते, अन्यथा भुजा तिरपी होते.

टोयोटाच्या एंजिनात रॉकर भुजा नाहीत. कॅम वाटीसारख्या टॅपेटावर सरळ दाब देतो, त्यामुळे निसटण्याजोगा भाग कमी व यंत्रणा ताठ असते. परंतु अवकाश ठरविणारी चकती टॅपेटाच्या माथ्यावर बसविलेली असते. झडपेची उचल बरीच वाढविणारा कॅमदंड बसविल्यास कॅमाची कड या चकतीच्या काठाला लागून ती बाहेर फेकली जाण्याचा संभव असतो. म्हणून अशा वेळी चकती टॅपेटाखाली असलेली किंवा चकतीविरहित टॅपेटे बसवितात. दोन्ही उदाहरणांवरून असे दिसते की, एक भाग सुधारला म्हणजे यंत्रणेची मर्यादा नाहीशी होत नाही. ती दुसऱ्या भागाकडे सरकते.

जुळणी व मापन : नवीन स्प्रिंगेवर छापलेला भार विशिष्ट उंचीला असतो. म्हणून प्रत्येक झडपेवर स्प्रिंगेची बसविलेली उंची मोजून व गरजेप्रमाणे खाली पातळ चकत्या घालून सर्व स्प्रिंगांचा भार सारखा करतात. झडप पूर्ण उघडली असता वेटोळी एकमेकांना भिडण्यास किमान १ ते १·५ मिमी. अंतर शिल्लक राहिले पाहिजे. रिटेनर व तेलरोधक सील यांमधील अंतरही तपासतात. झडप व दट्ट्या यांमधील अंतर पाहण्यासाठी दट्ट्याच्या माथ्यावर मऊ मातीचा थर ठेवून भुजादंड हाताने दोन फेरे फिरवितात व उमटलेल्या ठशाची जाडी मोजतात. ती आदान बाजूस सु. २ मिमी. व निष्कास बाजूस सु. २·५ मिमी. पेक्षा कमी नसावी. निष्कास झडप तापून लांबते आणि वर येणारा दट्ट्या तिचा पाठलाग करतो, म्हणून तेथे अधिक अंतर ठेवतात. शेवटी सिलिंडरात दाबाखाली हवा सोडून गळतीचे प्रमाण तपासतात व नियंत्रकातील वेगमर्यादा नव्या यंत्रणेस अनुसरून निश्चित करतात. काही हजार किमी. नंतर स्प्रिंगांचा भार पुन्हा मोजणे हितावह असते, कारण वापराने तो घटतो.

मर्यादा : पोलादी स्प्रिंगेची मर्यादा ओलांडण्यासाठी रेनो कंपनीने १९८६ मध्ये आपल्या १·५ लि. टर्बोभारित शर्यती एंजिनात स्प्रिंगेऐवजी दाबाखालील वायूने झडप मिटविण्याची पद्धत वापरली. ती पुढे शर्यतींच्या एंजिनांत रूढ झाली. परंतु रस्त्यावरील गाड्यांत सामान्यतः पोलादी स्प्रिंगच वापरात आहे. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ नुसार नोंदणी-प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ विनिर्देशांपेक्षा भिन्न होतील असे बदल वाहनात करता येत नाहीत, हेही ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

झडपयंत्रणेची सुधारणा स्वतः शक्ती निर्माण करीत नाही. टर्बोभारकाने वाढविलेली शक्ती एंजिनाला न मोडता वापरता यावी, एवढेच तिचे प्रयोजन असते. म्हणून प्रथम इच्छित दाब व वेग ठरवावा, त्यानुसार कॅमदंड, मग झडपा व अखेरीस त्यांना पुरेल इतक्याच भाराच्या स्प्रिंगा निवडाव्यात. या क्रमाने गेल्यास प्रत्येक भागावरचा ताण आधीच अजमावता येतो. क्रम उलटा केल्यास यंत्रणेतील सर्वांत दुर्बल भाग कोणता, हे एंजिन मोडल्यानंतरच कळते.